गेममधल्या पात्रांच्या ॲक्शन फिगरचा दर्जा कशावरून ओळखायचा?

तुम्ही विचारलंय की नाशिकमध्ये राहून गेममधल्या पात्रांच्या फिगर जमवायला सुरुवात करायची आहे, पण स्ट्रीट फायटरमधल्या रियूचीच फिगर एका ठिकाणी सातशे रुपयांना दिसते आणि दुसरीकडे सात हजारांना. फोटोत दोन्ही सारख्याच वाटतात, मग दर्जा ओळखायचा कसा?

मी अंबडच्या एमआयडीसीत प्लास्टिक मोल्डिंगच्या क्वालिटी विभागात काम करतो. दिवसभर गाड्यांचे पार्ट तपासतो आणि घरी कपाटात रियू, 'मॉर्टल कॉम्बॅट'मधला स्कॉर्पियन, 'झेल्डा'मधला लिंक, 'मेट्रॉइड'मधली सॅमस अशी मंडळी उभी आहेत. त्यामुळे फिगर हातात आली की आधी तिच्याकडे पार्ट म्हणून बघायची सवय आहे. पण माझं ठाम मत असं की सांध्यांचा आकडा आणि सोबत येणाऱ्या सामानाची यादी सगळ्यात शेवटी बघायची. आधी दोनच प्रश्न. ती त्या पात्राची ओळखीची पोझ धरून उभी राहते का? आणि चेहरा त्याच पात्राचा वाटतो का? खोक्यावर २५ किंवा ३० सांधे छापलेले असतात, पण त्यावरून यातलं काहीच कळत नाही.

रियूचंच घ्या. रियू म्हटलं की डोळ्यांपुढे हडोकेन, म्हणजे तळहातांतून ऊर्जेचा गोळा फेकण्याचा त्याचा डाव येतो: दोन्ही मनगटं जुळवलेली, हात पुढे फेकलेले, गुडघे वाकलेले, मागचा पाय ताणलेला. त्यासाठी खांदा नुसता वर आणि बाजूला जाऊन चालत नाही, तो छातीच्या पुढे सरकावा लागतो. ज्या सांध्यामुळे हे जमतं त्याला जमवणारे लोक बटरफ्लाय जॉइंट म्हणतात. तो नसला की हात छातीला अडतात, तळवे एकमेकांपर्यंत पोचतच नाहीत, आणि रियू ट्रॅफिक हवालदारासारखा हात पुढे करून उभा राहतो. मग बाकीचे सगळे सांधे असून उपयोग काय? स्कॉर्पियनची गरज वेगळी. तो दोरीला बांधलेला भाला फेकतो, म्हणजे एक हात सरळ, कंबर पिळलेली, पाय रुंद फाकलेले. इथे खांद्यापेक्षा घोटा महत्त्वाचा. घोटा आत-बाहेर कलला नाही तर पाय फाकवल्यावर तळव्याची फक्त कड जमिनीला लागते आणि फिगर कोसळते. 'गॉड ऑफ वॉर'मधल्या क्रॅटोसला एवढी लवचिकता लागतच नाही. त्याच्या मुठीत कुऱ्हाड घट्ट बसते का आणि दाढी छातीला न अडता मान वर होते का, एवढं बघा. सॅमसच्या चिलखताचे खांदे चेंडूसारखे मोठे आहेत, त्यामुळे हात वर उचलला की ते डोक्याला अडणारच. शिल्पकाराने तिथे काय तोड काढली आहे यावरून त्याचं कसब कळतं. सॉनिकचं डोकं जड आणि पाय काडीसारखे, तिथे बूट पुरेसे मोठे आणि वजनदार आहेत का तेच पाहायचं.

म्हणून फिगर घेण्याआधी त्या पात्राच्या दोन-तीन खास पोझ मनात ठेवा आणि व्हिडिओ परीक्षणात कुणी त्या करून दाखवतंय का ते शोधा. कंपनीच्या जाहिरातीतल्या फोटोंवर जाऊ नका. ते बहुतेक वेळा हाताने रंगवलेल्या नमुन्याचे असतात आणि कारखान्यातून निघणारा माल वेगळा असू शकतो, हे तिथेच बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं.

सांधा हाताला कसा लागतो तेही सांगतो. चांगला सांधा पूर्ण फेऱ्यात सारख्याच ताकदीने फिरतो. मध्येच सैल, मध्येच घट्ट असेल तर आतली खुंटी किंवा तिची बैठक नीट बसलेली नाही. मोठ्या, जड फिगरला गुडघ्यात आणि कमरेत कट-कट असा आवाज करणारे दातेरी सांधे असतात. ते वजन चांगलं पेलतात, पण दोन दातांच्या मधली पोझ मिळत नाही. नवीन फिगरचा सांधा अडला तर जोर लावू नका. पुष्कळदा रंगामुळे तो चिकटलेला असतो. तो भाग गरम पाण्यात मिनिटभर धरला की प्लास्टिक जरा मऊ होतं आणि सांधा सुटतो. पाणी उकळतं नको, हात बुडवला तर चटका बसेल एवढं पुरे. माझी एक कसोटी आहे: फिगर पोझमध्ये उभी करून रात्रभर तशीच ठेवायची. सकाळी ती पुढे झुकली असेल तर घोटे कमजोर आहेत, आणि ते दिवसेंदिवस अजून सैल होत जातात.

आता चेहरा. गणपतीच्या आधी मूर्तींच्या स्टॉलवर आपण काय करतो? एकाच साच्यातल्या दहा मूर्ती ओळीने मांडलेल्या असतात, आणि तरी घरातलं कुणीतरी एकीकडे बोट दाखवून म्हणतं, "हाच." फरक असतो तो डोळ्यांच्या आखणीचा. फिगरचंही अगदी तसंच आहे. छोट्या फिगरचे डोळे बहुधा सिलिकॉनच्या पॅडने छापतात. पॅड केसभर सरकला की एक डोळा वर जातो किंवा बुबुळ पापणीवर चढतं. आजकाल काही कंपन्या चेहऱ्यावर थेट डिजिटल छपाई करतात. हातभर अंतरावरून ती फार जिवंत दिसते, अगदी जवळून पाहिलं तर बारीक ठिपके दिसतात. हे ठिपके दोष नाहीत. नजर भलतीकडे गेली असेल तर मात्र तो दोषच. दुकानात एकाच फिगरचे तीन-चार खोके असतील तर सगळे खाली काढायला सांगा आणि चेहरा बघून एक निवडा. यात संकोच करू नका, दुकानदारालाही गिऱ्हाईक खूश होऊन गेलेलं हवंच असतं. आणि ट्यूबलाइटखाली पाहून झालं की खोका दाराशी नेऊन उन्हाच्या उजेडातही बघा. कातडीचा रंग नुसताच प्लास्टिकचा असेल तर तो उजेडात मेणासारखा चमकतो. चांगल्या कामात त्यावर मॅट, म्हणजे चमक नसलेल्या रंगाचा हात दिलेला असतो आणि गालाखाली, मानेपाशी किंचित गडद छटा असते.

गेमच्या पात्रांची एक खास अडचण आहे. आजच्या गेममधलं पात्र मुळातच त्रिमितीय मॉडेल असतं, म्हणजे शिल्पकाराला नेमका नमुना मिळतो. पण पडद्यावर केस म्हणजे कागदासारख्या पातळ पट्ट्या, तलवारीच्या पात्याला जाडीच नाही, आणि झगा पायातून आरपार गेला तरी कुणाचं काही बिघडत नाही. साच्यात हे कसं जमणार? प्लास्टिकला जाडी लागते. केसांचे झुबके करावे लागतात, पातं जाड करावं लागतं, झगा मऊ पीव्हीसी प्लास्टिकचा करून त्याला पाय हलतील अशा चिरा द्याव्या लागतात. ही तडजोड कुठे आणि किती सफाईने केली आहे ते पाहण्यात मला सगळ्यात जास्त आनंद मिळतो. जुन्या पात्रांचं उलट आहे. १९९१ सालच्या 'स्ट्रीट फायटर २'मधला रियू म्हणजे पडद्यावरचे ठिपके. तिथे चेहरा कसा असावा हे शिल्पकारानेच ठरवायचं, म्हणून वेगवेगळ्या कंपन्यांचे रियू वेगवेगळे दिसतात आणि त्यातला एक चूक, दुसरा बरोबर असं म्हणता येत नाही.

साच्याच्या खुणा मी सगळ्यांना दाखवत असतो. दंडावर किंवा मांडीच्या बाजूने केसासारखी उंच रेघ नखाला लागली तर ती पार्टिंग लाइन, साच्याचे दोन भाग जिथे मिळतात तिची खूण. ती पूर्ण टाळता येत नाही, पण चांगला साचा करणारा ती पँटच्या शिलाईवरून किंवा चिलखताच्या कडेवरून नेतो, मग ती दिसतच नाही. त्या रेघेवर पातळ पापुद्रा असेल तर तो फ्लॅश, साचा झिजलेला आहे किंवा नीट दाबला गेलेला नाही. जाड भागावर, जसं की छातीवर, हलकासा खड्डा असेल तर तो सिंक मार्क. आतलं प्लास्टिक सावकाश थंड होताना आकसलं. असे डाग चेहऱ्यावर किंवा छातीवर आले तर फिगर परत करा. तळपायाखाली असतील तर सोडून द्या.

नकली माल इथेच पकडला जातो. तो करणारे पुष्कळदा मूळ फिगरवरूनच साचा उतरवतात. तसं केलं की बारीक काम बोथट होतं, बोटांमधल्या फटी बुजतात, आणि प्लास्टिक आकसत असल्यामुळे फिगर मूळापेक्षा किंचित लहान निघते. वर खोका उघडताच उग्र वास, तेलकट चमक आणि पाठीवर किंवा तळपायाखाली कंपनीचं व हक्कधारकाचं नाव गायब. तुम्हाला सातशेला दिसलेला रियू बहुधा याच जातीचा. बांदाई कंपनीची एस. एच. फिगुआर्ट्स आणि मॅक्स फॅक्टरीची फिग्मा या दोन्ही मालिका २००८ पासून चालू आहेत आणि अस्सल नवी फिगर त्या किमतीत मिळत नाही. एक गैरसमज मात्र काढून टाका. आयएसआयचं चिन्ह नाही म्हणजे फिगर नकली, असं समजू नका. १ जानेवारी २०२१ पासून ते बंधन १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आहे, आणि संग्राहकांसाठीच्या फिगरच्या खोक्यावर पुष्कळदा वय १४ किंवा १५ च्या पुढे असं छापलेलं असतं.

किमतीचं गणितही समजून घ्या, कारण महाग म्हणजे चांगलं असं नाही. खेळण्यांवरची आयात जकात २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झाली आणि २०२३ मध्ये ७० टक्के. म्हणजे तुमच्या पैशातला मोठा भाग फिगरच्या दर्जात गेलेलाच नसतो. आकाराने मोठी म्हणून जास्त दर्जेदार, हेही खरं नाही. १/१२ मापाच्या, म्हणजे पात्राच्या खऱ्या उंचीच्या बाराव्या हिश्शाएवढ्या, साधारण १५ सेंटिमीटरच्या फिगर कपाटात मावतात आणि पोझला सगळ्यात सोयीच्या. निका आणि मॅकफार्लेन या कंपन्यांच्या सात इंची मालिकांत शिल्पकाम आणि रंगकाम किमतीच्या मानाने भरघोस मिळतं. त्यातल्या काही फिगर मात्र हलत्यापेक्षा उभ्याच शोभतात. हॉट टॉइजच्या १/६ फिगरचे कपडे खरे शिवलेले असतात, पण सुरुवातीलाच तिकडे जाऊ नका. त्यांच्या नकली चामड्याला दमट हवा सोसत नाही, काही वर्षांत त्याचे पापुद्रे निघतात, आणि आपल्याकडे पावसाळ्यात बंद कपाटाची काय अवस्था होते हे तुम्हाला माहीतच आहे.

उन्हाळाही लक्षात ठेवा. एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो. पश्चिमेच्या खिडकीतल्या शेल्फवर ठेवलेल्या फिगरची तलवार केळीच्या पानासारखी वाकते, आणि एका पायावर उभी केलेली असेल तर तो पायही वाकतो. हा दर्जाचा दोष नाही, मऊ पीव्हीसीचा स्वभाव आहे. गरम पाण्यात धरून सरळ करा आणि लगेच गार पाण्यात घाला. बंद खोक्यात फार दिवस राहिलेली फिगर हाताला चिकट लागते, कारण प्लास्टिक मऊ ठेवणारं द्रव्य पृष्ठभागावर येतं. कोमट पाणी आणि भांड्याच्या साबणाचे दोन थेंब पुरतात. जुनी फिगर कुणाकडून घेणार असाल तर चिकटपणाला घाबरू नका. गुडघ्याच्या घडीत रंग खरवडला आहे का ते बघा, तो परत येत नाही.

नाशिकमध्ये पर्याय मर्यादित आहेत. मॉलमधल्या आणि कॉलेज रोडच्या खेळण्यांच्या दुकानांत जे दिसेल ते हातात घेऊन नजर तयार करा, विकत घेतलंच पाहिजे असं नाही. मुंबईला जाणं झालंच तर क्रॉफर्ड मार्केटमध्ये फिरा, पण तिथे अस्सल आणि नकली शेजारी-शेजारी असतात, तेव्हा वर सांगितलेलं सगळं डोक्यात ठेवून. पहिली फिगर अशा पात्राची घ्या ज्याच्यासोबत तुम्ही तासन् तास खेळला आहात. त्याच्या चेहऱ्यातली चूक तुम्हाला कुणी सांगावी लागणार नाही. ऑनलाइन मागवलीत तर खोका फोडण्यापासून प्रत्येक सांधा एकदा हलवून होईपर्यंत सलग व्हिडिओ काढा, आणि बदलून मिळायची मुदत संपण्याआधी ती रात्रभर उभी ठेवायची कसोटी करून घ्या.