राज्यशास्त्राची बाई व्हायचंय, पण जागा इतिहासाची

नवी मुंबईतल्या ऐरोलीहून एका आईंचं पत्र आलंय. मुलगी बारावी आर्ट्सला आहे आणि तिला शाळेत राज्यशास्त्र शिकवायचंय. वडील म्हणतात, "नागरिकशास्त्र म्हणजे परीक्षेच्या आदल्या रात्री वाचायचा विषय, त्यात करिअर कसलं?" शिवाय वर्गात राजकारण बोलून पोरगी गोत्यात येईल, ही धास्ती.

ताई, यजमानांचं निम्मं बरोबर आहे. राज्य मंडळाच्या शाळांत सहावी ते आठवी नागरिकशास्त्र आणि नववी-दहावीला राज्यशास्त्र, दोन्ही इतिहासाला जोडलेले. दहावीला दोघांचा मिळून ४० गुणांचा पेपर, त्यातही इतिहासाचं पारडं जड. त्यामुळे शाळेत नुसत्या राज्यशास्त्राची जागा सहसा निघत नाही. निघते ती इतिहास-भूगोलाची. सीबीएसईच्या शाळेत तर सोशल सायन्सची एकच टीचर सगळं ओढते.

म्हणून बीएला राज्यशास्त्र मेजर (मुख्य विषय) घेतलं, तर मायनर (जोडविषय) इतिहास ठेवा. नंतर सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा, देऊन दोन वर्षांचं बीएड. सहावी ते आठवीसाठी टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) हवी, आणि अनुदानित शाळेतली भरती सरकारच्या शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवरून, टेटच्या (TAIT, ही टीईटीहून वेगळी अभियोग्यता चाचणी) गुणांवर. खरी मेख इथे आहे. टेट २०१७ ला झाली, त्यानंतर थेट २०२३ ला. मधल्या वर्षांत बीएड झालेली कितीतरी मुलं विनाअनुदानित शाळांत तुटपुंज्या पगारावर राबली. हे मुलीला आजच सांगा, लपवू नका. फक्त राज्यशास्त्रच शिकवायचं असेल, तर एमए, बीएड करून ज्युनिअर कॉलेजचा रस्ता धरावा.

आता धास्तीबद्दल. पक्षाचं नाव न घेता राजकारण शिकवता येतं, आणि नवी मुंबईइतका चांगला धडा शोधून सापडणार नाही. पुस्तकात लिहिलेलं असतं, महापालिकेची निवडणूक दर पाच वर्षांनी होते. आणि इथे २०१५ ला निवडून आलेल्या सभागृहाची मुदत २०२० ला संपली, तेव्हापासून कित्येक वर्षं सरकारने नेमलेला प्रशासकच कारभार पाहत होता. त्या काळात सहावीतल्या पोराने विचारलं असतं, "मॅडम, आमचा नगरसेवक कोण?", तर पुस्तकात उत्तर नव्हतं. चांगली बाई तिथेच थांबते. गटार तुंबलं तर तक्रार कुठे करायची, विभाग कार्यालयात कोण बसतं, बजेट कोण मंजूर करतं, हे मुलांनाच शोधायला लावते. मग महापालिकांना घटनेत स्थान देणारी ७४ वी घटनादुरुस्ती आणि त्यांच्या निवडणुका घेणारा राज्य निवडणूक आयोग ओघाने येतात, पाठ करावे लागत नाहीत. (हा तास मला स्वतःला शाळेत मिळाला असता तर!)

बारावीची परीक्षा झाली की तिला तिच्या जुन्या शाळेत सहावीचा एखादा ऑफ तास मागायला सांगा. घरी आल्यावर ती मुलांच्या उत्तरांबद्दल बोलते की नुसत्या गोंगाटाबद्दल, ते यजमानांनाही ऐकू द्या.