स्लीव्ह सर्जरीनंतर उतरलेलं वजन परत वाढतंय, पोट पुन्हा मोठं झालं असेल का? आता काय करू?

तुम्ही लिहिलंय की स्लीव्ह सर्जरीला (वजन उतरवायला जठराचा मोठा भाग काढतात ते ऑपरेशन) तीन वर्षं झाली, ३८ किलो उतरलेले, त्यातले १२ परत आले आणि आता सर्जनकडं जायची लाज वाटतेय. आधी त्या लाजेचं बघू. त्यांना यात नवीन काही नसतं हो. साधारण दीड-दोन वर्षांनी वजन सगळ्यात खाली येतं आणि तिथून थोडं वर जाणं बऱ्याच जणांचं होतं. माझी पण स्लीव्हच आहे, माझं पण झालं.

पोटाचं म्हणाल तर स्लीव्ह, म्हणजे जठराची उरलेली नळी, काळानुसार थोडी सैल होते हे खरं, पण जठराचा ७५-८० टक्के भाग काढूनच टाकलेला असतो, तो काय परत उगवत नाही. फारच शंका असली तर बेरियम पाजून एक्सरे काढतात नाहीतर एंडोस्कोपी करतात, त्यात कळतं. पण बहुतेक वेळा घोळ मधल्या खाण्यात असतो.

मी सांगलीची, इथं राहून संध्याकाळी चहाबरोबर भडंग नाही असं होतं का कधी! आता गंमत बघा, अर्धी भाकरी आणि छोटी वाटी मटकीची उसळ खाल्ली की मला पुढचा घास जात नाही, छातीत दाटल्यासारखं होतं, पण भडंग वाटीवर वाटी जातं, वर चहाचा घोट घेतला की कुरमुरे मऊ होऊन खाली सरकतात आणि पोटाला पत्ताच नाही, तेल, शेंगदाणे सगळं मात्र आत. खारी, बिस्किटं, आईस्क्रीम, लस्सी, उसाचा रस ही सगळी त्याच जातीची. ऑपरेशन घट्ट घासाला अडवतं, विरघळणाऱ्याला नाही. म्हणूनच जेवताना पाणी नको सांगतात, जेवण झाल्यावर अर्धा तास तरी थांबायचं. आमच्याकडं ताटाशेजारी तांब्या ठेवल्याशिवाय सासूबाईंना जेवण वाढल्यासारखं वाटत नाही, तो तांब्या उचलायला लावण्यातच निम्मी लढाई गेली.

ताटात प्रोटीन पहिलं. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम सांगतात (किडनीचा त्रास असेल तर आधी विचारा). एका अंड्यात ६, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८ च्या आसपास, सोयाबीनच्या कोरड्या वड्या ५० ग्रॅम घेतल्या तर २५ एक. नुसत्या वरणावर हा आकडा गाठता येत नाही, मी हिशोब करून बघितलाय.

ते पाच दिवस नुसतं लिक्विड पिऊन पोट लहान करायचं जे फिरतंय त्याच्या नादी लागू नका. त्यानं स्लीव्ह आकसत नाही, सुरुवातीला पाण्याचं वजन जातं आणि जेवायला लागलं की परत येतं. चालणं चांगलंच, मी पण इथल्या आमराई बागेत जाते, पण सोबत थोडं वजन उचलायचा व्यायाम हवा, नाहीतर चरबीबरोबर स्नायू पण जातात.

डॉक्टरांकडं जाताना आठवडाभर जे तोंडात गेलं ते सगळं लिहून न्या, चहातली साखर सुद्धा. थायरॉईड, शुगर, बी१२, आयर्न, व्हिटॅमिन डी तपासून घ्या. चालू गोळ्या पण दाखवा, कारण स्टेरॉइड, इन्सुलिन आणि डिप्रेशनच्या काही गोळ्यांनी वजन वाढतं, पण स्वतःच्या मनानं बंद करू नका. ती वजन कमी करायची इंजेक्शनं, मौंजारो आणि वेगोवी, आपल्याकडं २०२५ मध्ये आली, सर्जरी झालेल्यांना पण डॉक्टर देतात. फक्त त्यावर भूक अजून मरते, मग प्रोटीन आणखी कमी पडतं, तेव्हा डायटिशियन सोबत पाहिजेच.

आणि रिव्हिजनचं, म्हणजे पुन्हा ऑपरेशन करायचं, एवढ्यात डोक्यात घेऊ नका. स्लीव्हचं बायपास (जठराचं, हृदयाचं नव्हे) करतात, विशेषतः ऍसिडिटीनं फार जळजळ होत असेल तर. रात्री झोपल्यावर आंबट पाणी घशाशी येत असेल तर तेवढं मात्र त्यांना आवर्जून सांगा, वजनापेक्षा ते आधी.