काकांची जपानी मोटार आणि हळदीचं पाणी

प्रश्न : माझे थोरले काका बोटीवर नोकरीला होते. १९८६ साली त्यांनी जपानहून रिमोटची मोटार आणली, ‘तामिया’ची ‘ग्रासहॉपर’. परवा निपाणीचं जुनं घर रिकामं करताना ती माळ्यावरच्या ट्रंकेत सापडली. रिमोटमधले सेल फुटून पांढरं-हिरवं साचलंय. धाकटा भाऊ म्हणतो, गॅरेजमध्ये नेऊन स्प्रे मारून घेऊ. बेळगावचे एक गृहस्थ आहे तशी विकत मागताहेत. काय करावं?
— एक वाचक भगिनी, निपाणी

उत्तर : ताई, आधी भावाला थांबवा. या मोटारीची बॉडी पॉलिस्टायरीनची, म्हणजे कडक प्लास्टिकची असते. गॅरेजमधला थिनर लागला की ते प्लास्टिक पाघळतं. शिवाय ही मोटार सुट्या भागांत यायची, घरी बसून जोडावी लागायची. त्यावरचे स्टिकर काकांनीच बसवले असतील. एखादा वाकडा असला तरी तसाच राहू द्या. माझ्यासारख्या जमवणाऱ्याला तोच वाकडा स्टिकर जास्त मोलाचा वाटतो.

आता रिमोट. ‘नवे सेल घालून बघू तरी’ असं मुळीच करू नका. खानापूरच्या एका घरातून मला असाच रिमोट मिळाला होता. धीर धरवला नाही, तिथंच अंगणात सेल घातले. सेल टेकतात त्या पट्टीवरचा गंज आतल्या सर्किटपर्यंत गेलेला. जळका वास आला आणि सगळं संपलं. ती मोटार आजही माझ्या कपाटात मुकी उभी आहे, आणि मला त्याचं अजून वाईट वाटतं.

साचलेल्या पुटाला सरसकट व्हिनेगर लावायला सांगतात. पण अल्कलाइन सेलचा द्रव क्षारी असतो, आणि पूर्वी घराघरांत असायचे त्या साध्या झिंक-कार्बन सेलचा आम्लधर्मी. दोघांना औषध वेगळं. ओळखायला आपल्या स्वयंपाकघरातली हळद पुरते. काडीला कापूस गुंडाळून हळदीच्या पाण्यात बुडवा आणि पुटावर टेकवा. कापूस कुंकवासारखा लाल झाला तर क्षार आहे. मग लिंबाचा रस किंवा व्हिनेगर थेंबाथेंबानं. पिवळाच राहिला तर खाण्याच्या सोड्याचं पाणी. दोन्हीनंतर ओल्या कापसानं टिपा, मग स्पिरिटनं पुसा आणि दोन दिवस वाळू द्या. पट्ट्या पॉलिश पेपरनं जोरात घासू नका, वरचा मुलामा निघतो आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा गंज चढतो.

रिमोटमध्ये आणि गाडीतल्या रिसीव्हरमध्ये बोटाच्या पेराएवढी एकेक क्रिस्टल असते, रेडिओ लहरीची वारंवारता ठरवणारी. रिमोटमधलीवर ‘टीएक्स’ (पाठवणारी), गाडीतलीवर ‘आरएक्स’ (घेणारी) असं लिहिलेलं असतं. दोन्ही २७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातल्या असल्या तरी त्यांच्यात ४५५ किलोहर्ट्झचा फरक मुद्दाम ठेवलेला असतो. साफसफाईत त्यांची अदलाबदल झाली तर गाडी हलणार नाही आणि तुम्हाला वाटेल मोटर गेली.

ट्रंकेत टायर बॉडीला टेकून होते का, हे नक्की बघा. टायरच्या रबरातलं तेलकट द्रव्य वर्षानुवर्षं प्लास्टिकमध्ये उतरतं आणि तिथं वितळल्यासारखा खळगा पडतो. पडला असेल तर तो बुजवू नका, पण आजपासून गाडी लाकडाच्या ठोकळ्यावर ठेवा, चाकं अधांतरी राहतील अशी. टायर चिरले असतील तरी जुने जपून ठेवा. हीच मोटार कंपनीनं २००५ मध्ये पुन्हा बाजारात आणली, त्यामुळे टायर आणि गिअर नवे मिळतात. एखादा बुशिंग, म्हणजे आस ज्यात फिरतो ती कडी, नाहीच मिळाला तर बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतला कुठलाही चांगला लेथवाला नायलॉनच्या रॉडमधून काढून देईल. माझ्या दोन गाड्या तशाच धावताहेत.

जुना बॅटरी-पॅक निकेल-कॅडमियमचा असेल. तो उघडू नका, कचऱ्यातही टाकू नका, कॅडमियम विषारी आहे; ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. आजचा ७.२ व्होल्टचा निकेल-मेटल हायड्राइड पॅक त्याच पांढऱ्या प्लगसह मिळतो.

विकण्याचं म्हणाल तर मी म्हणेन, नको. काकांच्या हातची आहे. तरीही द्यायचीच ठरली तर गाडी, रिमोट, दोन्ही क्रिस्टल, पुस्तिका आणि खोक्याचा फाटका पुठ्ठासुद्धा एकत्रच द्या. आणि त्याआधी एकदा, पाऊस उघडल्यावर, तुमच्या शाळेच्या मैदानात ती पळवा. भावाच्या हातात रिमोट द्या.