गिअर ऑइलचा रंग आणि योग्य ऑइल

भाऊ, ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल लाल दिसलं म्हणून बरोबरच आहे असं धरू नका. लाल हा फक्त मिसळलेला रंग असतो. डिपस्टिक (ऑइलची पातळी बघायची पट्टी) असेल तर ऑइल गरम असताना, गाडी सपाट जागी उभी करून थेंब पांढऱ्या कागदावर टाका. इंजिन चालू ठेवायचं की बंद, ते मॅन्युअलमध्ये बघा. फिकट तपकिरी चालतं. काळपट आणि जळका वास आला तर गिअरबॉक्समधल्या क्लच प्लेटा जळत असू शकतात. दुधाळ गुलाबी म्हणजे कूलंट किंवा पाणी शिरलंय, गाडी टो करूनच न्या. नागपुरात मे महिन्यात सीताबर्डीच्या गर्दीत रांगणाऱ्या गाडीचं ऑइल मुदतीआधीच तपासा. सीव्हीटीत (बेल्टवर चालणारा, ठरावीक गिअर नसलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) डेक्सरॉन, म्हणजे साध्या ऑटोमॅटिकचं ऑइल, कधीच टाकू नका, बेल्ट घसरतो. ड्रेन केल्यावर टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (इंजिनाची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग) बरंच जुनं ऑइल राहतं, म्हणून निघालं तेवढंच मोजून भरा, मग लेव्हल बघा.