न्यू जर्सीत घर घेताना वकील: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: आम्ही नवरा-बायको एडिसनमध्ये पहिलंच घर बघतोय. एजंट म्हणतात, ‘ऑफर मान्य झाली की माझ्या ओळखीचा वकील देतो.’ चालेल का? वकिलाला काय विचारायचं?

एजंटने सुचवलेलं नाव जरूर बघा, पण ऑफर मान्य होईपर्यंत थांबू नका. एजंटने भरलेला करार सह्या होऊन दोन्ही पक्षांच्या हाती पडला की अटर्नी रिव्ह्यूचे, म्हणजे वकिलाकडून करार तपासून घेण्याचे, तीन दिवस सुरू होतात. शनिवार, रविवार आणि सरकारी सुट्ट्या त्यात धरत नाहीत. गुरुवारी करार हाती आला, तर तुमच्याकडे शुक्रवार, सोमवार आणि मंगळवार आहेत. एवढ्यात वकिलाने करार नामंजूर असल्याचं लेखी कळवलं नाही, तर तो छापलाय तसाच बंधनकारक होतो. सोमवारी वकील शोधायला बसलात, तर त्याला नीट वाचायलाही वेळ उरत नाही.

दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची. नामंजुरीचं पत्र गेलं की दुरुस्त्यांवर दोघांचं एकमत होईपर्यंत करार कुणालाच बांधत नाही. मधल्या काळात जास्त किंमत देणारा आला तर विक्रेता मोकळा असतो. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारा: करार मिळाल्यावर पत्र किती तासांत जाईल, आणि ते वकील स्वतः लिहिणार की ऑफिसमधला सहायक? सहायकाने कागद जमवायला हरकत नाही, पण अटी वकिलानेच वाचायला हव्यात.

पुढचे प्रश्न पैशांचे. बहुतेक वकील ठरावीक फी घेतात. त्यात टाउनहाउस असोसिएशनचे कागद वाचणं, घराच्या इन्स्पेक्शननंतरची घासाघीस आणि क्लोजिंगला, म्हणजे पैसे देऊन घर नावावर होतं त्या दिवशी, हजर राहणं येतं का? सौदा फिसकटला तर किती द्यायचे? फीची पद्धत नव्या अशिलाला लेखी कळवणं न्यू जर्सीत वकिलावर बंधनकारक आहे, तेव्हा मागायला संकोच करू नका. टायटल कंपनीत (घराच्या मालकीच्या नोंदी तपासून त्यावर विमा देणाऱ्या कंपनीत) वकिलाचा आर्थिक हिस्सा आहे का, हेही विचारा. न्यू जर्सी न्यायालयांच्या संकेतस्थळावर नाव टाकून परवाना चालू आहे ना, हे पाहून घ्या.

चांगला वकील ओळखायचा असेल, तर विचारा: ‘तुमच्या पत्रात साधारण काय काय असतं?’ जुन्या घराच्या अंगणात गाडलेली तेलाची टाकी, परवाना न घेता पूर्ण केलेलं बेसमेंट आणि कर्जमंजुरीची तारीख, हे तीन विषय न विचारता निघाले पाहिजेत. टाकी गळत असेल तर माती साफ करण्याचा खर्च नव्या मालकाच्या गळ्यात पडू शकतो, म्हणून तपासणी इन्स्पेक्शनच्या मुदतीतच व्हायला हवी. आणि बँकेचं मंजुरीपत्र लांबलं, तर तारीख उलटण्याआधी वकिलाने लेखी मुदतवाढ मागायला हवी. ती राहून गेली की डिपॉझिट धोक्यात येतं.

पैसे वायर करण्याची सूचना ईमेलने आली, तर आधीपासून तुमच्याकडे असलेल्या नंबरवर फोन करून खाते क्रमांक पडताळा. ईमेलमधल्या नंबरवर करू नका.

प्रश्न: चेरी हिलमध्ये सगळे म्हणतात, टायटल कंपनी सगळं करते, वकील कशाला?

दक्षिण न्यू जर्सीत तशी पद्धत आहे, आणि 1995 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तिला मान्यताही दिली; अट एवढीच, की वकील न घेण्यातला धोका ग्राहकाला सांगितलेला असावा. एजंटचं कमिशन सौदा पुरा झाल्यावरच मिळतं. टायटल कंपनीला विमा विकायचा असतो. तुमच्या वतीने कायदेशीर सल्ला यातलं कुणीच देत नाही. आमच्या मते पहिल्या घराला वकील घ्यावाच. टायटल शोधात, म्हणजे नोंदी तपासताना, पाटील, जोशी अशा आडनावांवर भलत्याच कुणाविरुद्धचे कोर्टाचे निकाल निघतात, तेव्हा ‘ती व्यक्ती मी नव्हे’ असं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. वकिलाला जुने पत्ते आधीच देऊन ठेवलेत, तर ऐन क्लोजिंगला धावपळ होत नाही.

प्रश्न: विक्रेते भारतात परतले आहेत. आम्हाला काही त्रास?

हो, होऊ शकतो. विक्रेता अमेरिकन करकायद्याने ‘अनिवासी परदेशी’ असेल, तर किमतीचा काही भाग कापून आयआरएसला (अमेरिकेच्या कर विभागाला) भरण्याची जबाबदारी खरेदीदाराची असते. सर्वसाधारण दर 15 टक्के. तुम्ही स्वतः राहणार असाल, तर किंमत 3 लाख डॉलरपर्यंत असल्यास कपात नाही, आणि त्याहून जास्त पण 10 लाखांपर्यंत असल्यास पूर्ण किमतीवर 10 टक्के. रक्कम क्लोजिंगनंतर 20 दिवसांत भरायची असते. कापली नाही, तर वसुली तुमच्याकडून होते. विक्रेत्याने ‘मी परदेशी नाही’ असं प्रतिज्ञापत्र दिलं तर प्रश्न मिटतो. देणार नसेल, तर अशी कपात पूर्वी हाताळलेला वकीलच घ्या. विक्रेत्याने कमी कपातीसाठी क्लोजिंगपूर्वी आयआरएसकडे अर्ज केला असेल, तर कापलेली रक्कम निर्णय येईपर्यंत ट्रस्ट खात्यात ठेवता येते. ती कोण सांभाळणार, हे करारातच लिहून घ्या.