शिंगराचा पाय फाटलाय, आता पुढे काय?

प्रश्न : डॉक्टर मॅडम नमस्कार. आम्ही शहादा तालुक्यातले, केळी आणि ऊस करतो. मागच्या दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेतून बाबांनी एक काठेवाडी शिंगरू आणलं, घोडी आहे, नाव बिजली. तेव्हा सहा-सात महिन्यांची होती, आता सव्वा वर्षाची झालीय. तीन आठवड्यांपूर्वी रात्री कुत्री मागे लागली आणि ती शेजारच्या शेताच्या काटेरी तारेत घुसली. मागच्या डाव्या पायाची नळीवरची कातडी पुढच्या बाजूने सोलून खाली लोंबत होती, आत पांढरं हाड दिसत होतं. आमच्या डॉक्टरांनी रात्रीच येऊन जखम धुतली, टाके घातले, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, पण आठवडाभरात टाके तुटले. आता जखम उघडी आहे, लाल मांस वर येतंय, बोट लागलं तरी रक्त येतं. चालताना खूर पुढे दुमडतो. एक काका म्हणतात मोरचूद भरा, दुसरे म्हणतात डाग द्या, बाबांचे मित्र म्हणतात पाय गेला म्हणजे घोडी गेली, व्यापाऱ्याला देऊन मोकळे व्हा. बाबा गप्प बसलेत. ड्रेसिंग मीच करते, करताना रडू येतं. मला बघितलं की ती खिंकाळते. ती परत पळेल का? आणि नाही पळाली तर काय करायचं?
— एक वाचक, शहादा

उत्तर : ताई, तुमच्या पत्रात एक शब्द आहे ज्याच्यावर सगळं अवलंबून आहे, आणि तो म्हणजे ‘पुढच्या बाजूने’. घोड्याच्या नळीच्या, म्हणजे पायाच्या खालच्या लांब हाडाच्या, पुढच्या अंगाला जे टेंडन (स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी) असतं त्याचं काम खूर उचलून पुढे टाकायचं, आणि मागच्या अंगाला जी टेंडनं असतात ती सगळं वजन पेलतात. बिजलीचा खूर दुमडतोय म्हणजे पुढचं टेंडन तुटलंय. ऐकायला भयंकर वाटतं पण हे तुटलेलं टेंडन बऱ्याचदा मधल्या मांसाने परत जोडलं जातं, आणि तोपर्यंत घोडं स्वतःच पाय झटकून पुढे टाकायला शिकतं. पुढचं टेंडन गेलेली कितीतरी घोडी नंतर व्यवस्थित चालली-पळाली आहेत. मागचं तुटलं असतं तर उभं राहिल्यावर खुराचं टोक वर उचललं गेलं असतं, खुराच्या वरचा सांधा जमिनीकडे खचला असता, आणि मग मी हे उत्तर इतक्या धीराने लिहू शकले नसते. तरी एकदा ती सपाट जमिनीवर शांत उभी असताना बाजूने फोटो काढा आणि डॉक्टरांना दाखवा.

दुसरी भीती सांध्याची असते. तार सांध्यात घुसली असेल तर आतलं चिकट पिवळसर पाणी बाहेर येतं, जंतू आत जातात आणि मग काही तासांत सांधा धुवून घ्यावा लागतो, एक-दोन दिवस गेले तरी फार उशीर होतो. पण तीन आठवड्यांनंतरही बिजली त्या पायावर वजन टाकतेय, त्यामुळे सांधा वाचला असावा असं मला वाटतं. सांधा सडलेलं घोडं सहसा पाय टेकवत नाही. आता पुढे कधी एकदम जास्त लंगडायला लागली, सांधा गरम आणि फुगलेला दिसला, तर सकाळची वाट बघू नका, त्याच रात्री फोन करा.

टाके तुटले यात तुमच्या डॉक्टरांचं काही चुकलं नाही, त्यांनी रात्री येऊन धुतलं आणि धनुर्वाताचं दिलं हे फार मोठं काम केलं, कारण घोड्याइतकं धनुर्वाताला बळी पडणारं जनावर दुसरं क्वचितच. पायाच्या खालच्या भागात मांस नसतंच, कातडी, टेंडन आणि हाड एवढंच, रक्तपुरवठा कमी, प्रत्येक पावलाला ताण, त्यामुळे तिथले टाके सुटणं नेहमीचंच आहे. पण ते टिकले तेवढे दिवस बिजलीच्या स्वतःच्या कातडीने हाड झाकलेलं राहिलं, ते वाया गेलेलं नाही.

आता ते लाल मांस. घोड्याच्या पायाच्या जखमेत हे मांस गरजेपेक्षा जास्त वाढतं, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखं बाहेर येतं आणि कडेची नवी कातडी त्याच्यावर चढूच शकत नाही. कातडीच्या पातळीपर्यंत आलेलं चांगलं, त्याच्यावर आलेलं कापायचं. डॉक्टर थोडं गुंगीचं देऊन उभ्या उभ्या ब्लेडने छाटतात. त्या मांसात नसा नसतात त्यामुळे बिजलीला ते दुखत नाही, पण रक्तवाहिन्या भरपूर म्हणून रक्त खूप येतं, तेव्हा तिथे उभं राहायचं तर हे आधी माहीत असू द्या, घाबरू नका. नंतर दाबून पट्टी. कधी दोन-तीनदा छाटावं लागतं. मोरचूद अजिबात नको, तो वाढलेलं मांस जाळतो आणि त्याच्याबरोबर कडेची ती कोवळी कातडीही जाळतो जिच्यासाठी आपण एवढं सगळं करतोय. आणि डाग देण्याबद्दल तर मी हात जोडून सांगते, फाटलेल्या पायावर तापलेली सळई टेकवून आजपर्यंत कुठलंच टेंडन जुळलेलं नाही, जनावराला फक्त दुसरी जखम होते.

वेळ किती लागेल हे आधीच सांगते म्हणजे मन तयार राहील. पायाच्या खालच्या भागात नवी कातडी दिवसाला साधारण एक मिलिमीटरच्या दहाव्या भागाने सरकते. म्हणजे तळहाताएवढी जखम असेल तर कित्येक महिने. रोज बघितलं तर काहीच बदललं नाही असं वाटणार आणि तुम्ही खचणार, म्हणून दर रविवारी जखमेशेजारी एक नाणं धरून त्याच अंतरावरून फोटो काढा, महिन्याने ओळीने बघा. जखम फारच मोठी असेल तर डॉक्टर मानेवरून कातडीचे छोटे छोटे तुकडे घेऊन त्या लाल मांसात रोवतात, ऊस लावतो तशा ओळीत, हेही उभ्या घोडीवर होतं. आणि हाड उघडं पडलं होतं म्हणून आता एक एक्स-रे काढून घ्याच. उघड्या हाडाचा वरचा पापुद्रा कधीकधी मरतो, तो दिसायला काही आठवडे लागतात, आणि तो आत असेल तर तुम्ही कितीही ड्रेसिंग करा, एका जागेतून पू येतच राहतो. तो तुकडा काढला की जखम झपाट्याने भरायला लागते. तालुक्याच्या दवाखान्यात विचारा, १९६२ या नंबरवर फोन करून जनावरांच्या फिरत्या पथकालाही विचारा, आणि जवळ सोय नसेल तर तुमच्या डॉक्टरांकडून पशुवैद्यकीय कॉलेजला चिठ्ठी घ्या.

यापेक्षाही जास्त काळजीने मला तिचा उजवा पाय बघायचाय. सगळे जखमेकडे बघतात आणि चांगल्या पायाकडे कुणाचंच लक्ष नसतं. एका पायाचं वजन महिनोन्‌महिने दुसऱ्यावर पडलं तर मोठ्या घोड्यात खुराच्या आतलं सगळं सुजून सुटायला लागतं आणि वाढत्या वयाच्या शिंगरात तो पाय वाकडा व्हायला लागतो, कारण बिजलीची वरची हाडं अजून वाढतायत. रोज सकाळी उजव्या खुरावर हात ठेवा, खुराच्या वरच्या सांध्यामागे दोन बोटं ठेवून नाडी बघा, चार-पाच दिवसांत हाताला सवय होते. खूर गरम, नाडी ठणठण लागतेय असं झालं तर लगेच कळवा. उजव्या पायालाही आधाराची पट्टी बांधा, खाली जाड तूस किंवा लाकडाचा भुसा टाका, आणि अगाडी-पिछाडी लावून जखडून ठेवू नका, छोट्या कुंपणात मोकळी ठेवा.

चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, निम्म्याहून कमी करा, काम नाही आणि हरभरा-बाजरी पोटभर असं झालं की पोटशूळ उठतो आणि खुरांवरही येतं. सुका चारा कायम समोर, पाणी भरपूर, थोडा लसूणघास. घरचा ऊस आहे म्हणून वाढं टाकू नका, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम अडवतं आणि तिला आत्ता कॅल्शियमच हवंय. दुखण्याचं औषध मेडिकलमधून मनाने आणू नका. घोड्याला अशी औषधं जास्त झाली की पोटात अल्सर होतात, किडनी खराब होते. डायक्लोफिनॅक तर जनावरांसाठी २००६ पासून बंदच आहे, मेलेल्या जनावरातून ते गिधाडांच्या पोटात जाऊन गिधाडं संपली म्हणून. आणि तिच्या नजरेच्या टप्प्यात दुसरं जनावर बांधा, घोडी नसेल तर शेळी चालेल, घोडं एकटं राहिलं की येरझाऱ्या घालतं आणि नेमकं तेच आपल्याला नकोय.

आता तुमचा खरा प्रश्न. चालेल का, तर बहुतेक चालेल. दुडक्या चालीने पळेल का, तर आशा आहे. शर्यतीत किंवा नाचकामात उतरेल असं वचन मी देत नाही आणि कुणी दिलं तर विश्वास ठेवू नका. पण घोडीचं आयुष्य म्हणजे तेवढंच नाही, एक खडबडीत डाग असलेली घोडी शेतात सुखाने राहू शकते, पुढे चांगली आई होऊ शकते. व्यापाऱ्याला मात्र या अवस्थेत देऊ नका. तीन पायांवर उभी करून ट्रकने नेणार, एका हातातून दुसऱ्या हातात जाणार, आणि प्रवासाला योग्य असल्याचा डॉक्टरांचा दाखला असल्याशिवाय तिला नेणं नियमातही बसत नाही.

सोडून द्यायची वेळ येते का? येते, आणि ती कशी ओळखायची हे माहीत असणं म्हणजे हार मानणं नाही. खाणं सोडलं, दिवसातला बराच वेळ आडवीच पडून आहे, उठवलं तर थरथरते, औषध देऊनही घाम येतो, दोन्ही मागचे पाय गेले, असं दिसलं तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा, आणि ते हो म्हणाले तर इंजेक्शनने शांतपणे निरोप द्या. बिजली तुम्हाला बघून खिंकाळते, चारा खाते, पाय टेकवते. आज ती वेळ आलेली नाही. आणि बाबा गप्प आहेत ते पैशांमुळे असेलच असं नाही, त्यांनीच तिला यात्रेतून निवडून आणलं होतं. उद्या ड्रेसिंगच्या वेळी त्यांना फक्त मोहरकी धरून तिच्या तोंडाशी उभं राहायला सांगा. एकटीने करताना तुमचे हात थरथरतात ते तिलाही कळतं, दोघं असलात तर तीही कमी हलेल.

प्रश्न : माथेरानला माझे दोन घोडे आहेत. त्यातला लहान, चार वर्षांचा, उतारावर घसरला, पुढच्या पायाच्या नळीच्या मागच्या बाजूला सूज आली, आता उतरलीय. लंगडणंही गेलं. कामाला काढू का?
— माथेरान

उत्तर : नका काढू भाऊ. तुमच्याकडे मोटारी चालत नाहीत, घोडा थांबला की चूल थांबते हे मला माहीत आहे, पण तुम्ही सांगताय ती वजन पेलणाऱ्या टेंडनची जागा आहे. सूज दोन-तीन आठवड्यांत उतरते, आतले तुटलेले तंतू भरायला नऊ महिने ते वर्ष लागतं, आणि मधल्या काळात तो लंगडत नाही म्हणून बसवलं माणूस पाठीवर तर पुढच्या उतारावर उरलेलंही तुटतं, मग चार वर्षांचा घोडा कायमचा गेला. सोनोग्राफी करता आली तर कराच, तंतू किती तुटलेत ते त्यातच दिसतं. तोपर्यंत बांधून ठेवायचं, मग हाताने धरून सपाट जागेवर रोज थोडं थोडं चालवायचं, दर काही आठवड्यांनी वेळ वाढवायचा. पाऊसपाण्याचे मंदीचे महिने विश्रांतीत गेले तर नुकसान थोडं कमी होईल. नाल सैल किंवा टाचेला आखूड असेल तर नालबंदाकडून आत्ताच नीट करून घ्या, टेंडनवर ताण त्यानेही वाढतो.

प्रश्न : मी पुण्यात रायडिंग शिकतो. घोड्याचा पाय मोडला की मारावंच लागतं हे खरं आहे का? हाड जुळतच नाही का?
— पुणे

उत्तर : हाड जुळतं. अडचण हाडाची नाही, वजनाची आहे. चारशे-पाचशे किलोचं जनावर, आठवडेच्या आठवडे झोपून राहू शकत नाही, उरलेल्या तीन पायांवर भार जातो. अमेरिकेतला बार्बरो हा घोडा २००६ साली केंटकी डर्बी जिंकला आणि दोनच आठवड्यांनी प्रीकनेस शर्यतीत त्याचा मागचा उजवा पाय मोडला. उत्तम ऑपरेशन झालं, प्लेट आणि स्क्रू बसवले, ते हाड बरंचसं जुळलंही, पण आधी मागच्या चांगल्या पायाचा खूर भाराने आतून सुजून सुटला आणि शेवटी पुढच्या पायांनाही तेच झालं, २९ जानेवारी २००७ ला त्याला निरोप द्यावा लागला. म्हणून मारावंच लागतं हे खरं नाही, पण कुठलं हाड, किती तुकडे, कातडी फाटली की नाही, वय आणि वजन किती, यावर सगळं ठरतं. शिंगरू हलकं असतं आणि त्याचं हाड लवकर जुळतं म्हणून त्याला संधी जास्त. चिरा गेलेली हाडं तर नुसत्या विश्रांतीनेही जुळतात.

तुमच्यासमोर असं झालं तर घोड्याला चालवू नका. नळी किंवा त्याच्या खाली मोडलं असेल तर कापसाचे जाड थर गुंडाळा, प्रत्येक थर घट्ट बांधा, त्यावर उभा चिरलेला पीव्हीसी पाइप किंवा लाकडी पट्टी जमिनीपासून मोडलेल्या जागेच्या वरच्या सांध्यापलीकडे जाईल अशी आवळा. हे झाल्यावरच गाडीत चढवायचं. पुढचा पाय मोडला असेल तर घोड्याचं तोंड गाडीच्या मागच्या दाराकडे, मागचा मोडला असेल तर तोंड ड्रायव्हरकडे, म्हणजे ब्रेक लागला की झोक मोडक्या पायावर जात नाही. आणि ड्रायव्हरला निघण्याआधीच सांगून ठेवा, हळू चालव, ब्रेक लांबून मार.