काळ्या स्क्रीनवर मराठी फायली दिसत नाहीत

प्रश्न: लॅमिंग्टन रोडवरून सेकंडहँड लॅपटॉप घेतला, त्यावर डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) टाकलं, डिस्क एन्क्रिप्ट केली, म्हणजे पासवर्डशिवाय उघडणार नाही अशी. इन्स्टॉल करताना कीबोर्ड चुकून यूके निवडला, मग डेस्कटॉपच्या सेटिंगमध्ये यूएस केला. पण कंट्रोल-आल्ट-एफ३ दाबून काळ्या स्क्रीनवर गेले की शिफ्ट २ ला ॲटऐवजी डबल कोट येतो, आणि आईच्या रेसिपींच्या मराठी नावांच्या जागी शंकरपाळीसारखे ठोकळे दिसतात. फायली खराब झाल्या का? – एक वाचक, भांडुप

उत्तर: नाही हो ताई, आईच्या रेसिपी जशाच्या तशा आहेत, डेस्कटॉपवरच्या टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) बघा, नीट दिसतील. काळ्या स्क्रीनच्या, म्हणजे कन्सोलच्या, फाँटमध्ये २५६ किंवा फार तर ५१२ अक्षरांचेच आकार मावतात, आणि देवनागरीला तर क ला ष जोडून क्ष करायचा, पहिली वेलांटी अक्षराच्या आधी आणायची, हे जोडकाम तिथे होतच नाही. त्यामुळे फाँट बदलत बसू नका, मराठीचं काम डेस्कटॉपवरच करा.

कीबोर्डचं मात्र लगेच करा. डेस्कटॉपचं सेटिंग वेगळं आणि कन्सोलचं वेगळं, कन्सोलचं ईटीसी नावाच्या फोल्डरच्या आत डिफॉल्ट फोल्डरमधल्या कीबोर्ड नावाच्या फाईलमध्ये असतं, आणि डिस्कचा पासवर्ड तर डिस्क उघडायच्या आधीच विचारतात म्हणून त्या सेटिंगची एक कॉपी इनिट-रॅम-एफएसमध्ये, म्हणजे लॅपटॉप सुरू होताना सगळ्यात आधी लोड होणाऱ्या छोट्या सिस्टिममध्ये, असते.

पण थांबा, बदलायच्या आधी हे वाचाच. डिस्कच्या पासवर्डात तुम्ही ॲट म्हणून शिफ्ट २ दाबलं असेल तर यूके कीबोर्डमुळे खरा पासवर्ड डबल कोटवाला झालाय, आणि यूएस केल्यावर तीच बटणं दाबलीत तर डिस्क उघडणार नाही, मग जीव टांगणीला. म्हणून आधी डेस्कटॉपवरच्या टर्मिनलमध्ये क्रिप्टसेटअप या डिस्क एन्क्रिप्शनच्या प्रोग्रामच्या लक्स-ॲड-की कमांडने दुसरा पासवर्ड जोडा, लांबलचक पण फक्त इंग्रजी अक्षरं आणि आकडे, ती बटणं यूके-यूएस दोन्हीत सारखीच असतात. जुना पासवर्ड विचारेल तेव्हा शिफ्ट २ नाही (डेस्कटॉपवर आता यूएस आहे ना), एंटरच्या डावीकडच्या कोटच्या बटणाने डबल कोट द्या.

नवा पासवर्ड टाकून एकदा रीस्टार्ट करा. उघडलं की मगच सुडो (ॲडमिनच्या अधिकाराने कमांड चालवणारा शब्द) लावून डीपीकेजी-रीकॉन्फिगर कीबोर्ड-कॉन्फिगरेशन चालवा, यूएस निवडा, मग काळ्या स्क्रीनवर सेटअपकॉन, आणि शेवटी अपडेट-इनिट-रॅम-एफएस हायफन यू. ही शेवटची कमांड राहिली तर बूटच्या वेळी, म्हणजे लॅपटॉप सुरू होताना, पुन्हा यूकेच येऊ शकतो.